गेरू : प्रागैतिहासिक वापर

लोहाच्या ऑक्साइडामुळे रंग आलेली माती किंवा मऊ दगड म्हणजे गेरू. त्यात हेमॅटाइट असले तर तो लाल दिसतो, गोथाइट असले तर पिवळा. पिवळा गेरू सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातले पाणी उडून तो लाल होतो. वनस्पतींचे रंग मातीत विरून जातात, गेरू हजारो वर्षे टिकतो. त्यामुळे आद्य आधुनिक मानवाची बुद्धी आणि कौशल्य जोखताना घासलेल्या गेरूच्या खड्यांना मोठे मोल आहे.

सर्वांत बोलका पुरावा दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेचा. ख्रिस्तोफर हेन्शिलवूड आणि सहकाऱ्यांना तिथे सुमारे १ लाख वर्षांपूर्वीची रंग बनवण्याची सामग्री मिळाली. २०११ मध्ये ती जगासमोर आली. दोन मोठ्या शिंपल्यांत गेरूची पूड, ठेचलेले हाड आणि कोळसा यांचे मिश्रण होते. शेजारी उगाळायचे आणि ठेचायचे दगड होते. मिश्रण ढवळताना पडलेले बारीक ओरखडे शिंपल्याच्या आतल्या चकाकत्या थरावर आजही दिसतात. दगड निवडणे, दळणे, इतर जिन्नस मिसळणे आणि साठवणे एवढ्या पायऱ्या मनाशी जुळवल्याखेरीज हे काम होत नाही. याच गुहेत सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचे, आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेले गेरूचे तुकडेही सापडले.

गेरू केवळ रंगवण्यापुरता नव्हता. दक्षिण आफ्रिकेतल्याच सिबुडू गुहेतील प्रागैतिहासिक माणसे डिंकात गेरू कालवून दगडी पाती दांड्याला चिकटवत. नामिबियातील हिंबा स्त्रिया लोण्यात मिसळलेला गेरू आजही अंगाला आणि केसांना लावतात.

भारतातील प्राचीन गेरूचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी निगडित आहे. तेथील के. पद्दय्या यांना कर्नाटकातील हुणसगी परिसरात हेमॅटाइटचे खडे मिळाले. त्यांतील एकावर घासल्याच्या समांतर रेषा आहेत. ते आशुलियन काळातले, म्हणजे आधुनिक मानवाच्या आधीचे.

भोपाळजवळच्या भीमबेटका येथील चित्रे १९५७ मध्ये विष्णू श्रीधर वाकणकर (१९१९–१९८८) यांनी उजेडात आणली. पुढे त्यांनी आणि डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तिथे उत्खनने केली. मध्याश्मयुगीन थरांत झिजलेल्या बाजूंचे हेमॅटाइटचे खडे निघाले, म्हणजे रंग तिथेच उगाळला जात होता. २००३ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा ठरले.

या चित्रांचे वय ठरवणे मात्र अवघड आहे. गेरूत कार्बन नसल्याने रेडिओकार्बन पद्धत त्याला थेट लागू पडत नाही. एका चित्रावर काढलेले दुसरे चित्र, चितारलेले प्राणी आणि जमिनीतील थर यांवरून काळाचा अंदाज बांधावा लागतो.

महाराष्ट्रात गेरूचा घरगुती वापर अजून टिकून आहे. पालघर जिल्ह्यातील वारली स्त्रिया लग्नचौकासाठी कुडाची भिंत सारवून तिला गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाने पांढऱ्या आकृती रेखाटतात. इथे गेरू पार्श्वभूमीचे काम करतो. भीमबेटकाच्या पुष्कळ चित्रांत आकृतीच गेरूने काढलेली आहे. या दोन परंपरांमधला थेट दुवा सिद्ध झालेला नाही.