रिंगणातले सारथी

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या टाउन हॉलमध्ये जून 1859 मध्ये 60 कुत्री मांडली गेली. सगळी पॉइंटर आणि सेटर, म्हणजे शिकाऱ्यांची कुत्री. बक्षीसही तसंच: गावातल्या नामांकित कारागिराने घडवलेली बंदूक. निकाल मात्र गमतीदार लागला. पॉइंटरांच्या परीक्षकाचा सेटर पहिला आला आणि सेटरांच्या परीक्षकाचा पॉइंटर! आधुनिक श्वान प्रदर्शनांची सुरुवात याच प्रदर्शनापासून मानली जाते.

अशा प्रकारांना नियमांची चौकट हवी होती. ती 1873 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या केनेल क्लबने घालून दिली. कुत्र्यांच्या बिस्किटांच्या कंपनीतून पुढे आलेल्या चार्ल्स क्रफ्टने 1891 मध्ये इस्लिंग्टनला स्वतःच्या नावाचं प्रदर्शन भरवलं आणि खुद्द व्हिक्टोरिया राणीची कुत्री त्यात उतरली. अमेरिकेत न्यूयॉर्कचं वेस्टमिन्स्टर प्रदर्शन 1877 पासूनच गाजत होतं.

हौस श्रीमंतांची, पण कुत्र्यामागचे कष्ट नोकरांचे. त्यातूनच धंदेवाईक हँडलर, म्हणजे प्रदर्शनाच्या रिंगणात कुत्रा सादर करणारा माणूस, घडला. त्याचं खरं काम रिंगणात शिरण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. राठ केसांच्या टेरियरला कात्री लावली की केस मऊ पडतात, रंगही फिका होतो. म्हणून जुने केस बोटांच्या चिमटीत धरून, थोडे थोडे उपटून काढायचे. हे काम कित्येक आठवडे चालतं.

रिंगणात कुत्रा डाव्या हाताला. पुढचे पाय खांद्यांखाली सरळ, मागचे किंचित मागे, पाठीची रेघ स्वच्छ दिसेल असा तो उभा करायचा. याला ‘स्टॅक’ म्हणतात. खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे असतात. एक तुकडा बोटांत दिसला की कान उभे राहतात, नजर खिळते. परीक्षक ओठ उचलून दात पाहतो, अंगावरून हात फिरवतो. मग दुडकी चाल. कुत्रा आणि परीक्षक यांच्या मध्ये हँडलर येता कामा नये.

या कसबाला मान मिळायला वेळ लागला. हँडलर पर्सी रॉबर्ट्स यांनी 1926 मध्ये वेस्टमिन्स्टरचा सर्वोच्च किताब जिंकून दिला तो एका फॉक्स टेरियरला; 1967 मध्ये त्याच किताबाचा निवाडा त्यांच्याकडे आला. अ‍ॅन रॉजर्स क्लार्क यांनी 1956 मध्ये टॉय पूडल जिंकवला. तो किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या धंदेवाईक स्त्री हँडलर. 1978 मध्ये त्याही परीक्षकाच्या जागी होत्या.

आपल्याकडे या कसबाची सर्वाधिक गरज दख्खनच्या कुत्र्यांना आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी कारवानी कुत्र्यांची पैदास जोपासली आणि पाचव्या जॉर्जला त्यांची जोडी भेट दिली, म्हणून ती मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जाऊ लागली. 2005 मध्ये टपाल तिकिटावरही हे कुत्रं झळकलं. पण ही जात जात्याच बुजरी; परक्याचा हात अंगाला लागलेला तिला खपत नाही. परीक्षकाचा हात पडताच कुत्रं अंग चोरतं, चाल बिघडते आणि चांगल्या बांध्याचं जनावरही मागे पडतं.

त्यात दोष कुत्र्याचा नसतो, तयारीचा असतो. म्हणून कारवानी पाळणाऱ्यांनी पिल्लू लहान असल्यापासून त्याला माणसांच्या गर्दीत न्यावं, ओळखीपाळखीच्या लोकांना त्याचे दात पाहू द्यावेत, सैल दोरीवर रोज थोडं पळवावं. दख्खनचं हे देखणं कुत्रं रिंगणात ताठ मानेनं उभं राहायला हवं, आणि ते त्याच्या माणसाच्याच हातात आहे.