लैंगिक व्यसनमुक्तीचा पूर्वेतिहास
अश्लील चित्रफितींच्या व्यसनातून सुटण्यासाठी आज सुचवल्या जाणाऱ्या अनेक उपायांचे मूळ इंटरनेटपूर्व काळातील दारूमुक्तीच्या चळवळीत सापडते. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी स्थापन केलेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेने हतबलतेची कबुली, झालेल्या हानीची भरपाई आणि इतर व्यसनग्रस्तांना साहाय्य यांवर आधारलेला बारा पायऱ्यांचा कार्यक्रम घडवला. हाच नमुना लैंगिक वर्तनाला लावून १९७६ मध्ये बॉस्टन आणि १९७७ मध्ये मिनियापोलिस येथे स्वमदत गट सुरू झाले.

मात्र दारू कायमची वर्ज्य करता येते, तशी लैंगिकता करता येत नसल्यामुळे ‘संयम’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या गटांपुढे उभा राहिला. मिनियापोलिसच्या परंपरेत रूढ झालेल्या ‘तीन वर्तुळां’च्या पद्धतीत सदस्य कागदावर एकात एक वर्तुळे काढून सर्वांत आतल्या वर्तुळात पूर्णतः टाळायची कृत्ये, मधल्यात रात्रीच्या एकांतातील मोबाईलसारखे निसरडे प्रसंग आणि बाहेरच्यात व्यायाम, स्नेहसंबंध यांसारख्या पोषक गोष्टी लिहितो.

वैद्यकशास्त्र मात्र सावधच राहिले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानसूचीत ‘अतिलैंगिकता विकारा’ला स्थान मिळाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात ‘अनिवार्य लैंगिक वर्तन विकार’ समाविष्ट केला, परंतु त्याची गणना व्यसनांत न करता आवेग-नियंत्रणाच्या विकारांत केली आणि केवळ नैतिक अपराधभावनेतून आलेली व्यथा निदानास पुरेशी नाही, असेही स्पष्ट केले.