द्वाड मुलें आणि वडील मंडळी

‘आमचीं मुलें बिघडलीं’ ही तक्रार जितकी जुनी तितकीच सार्वत्रिक आहे. आजोबांनीं ती बापाविषयीं केली, बाप ती मुलाविषयीं करीत आहे, आणि मुलगाही यथाकाल ती करील यांत शंका नाहीं. हट्टी, हूड, द्वाड, व्रात्य, उनाड, कोडगा – मुलांच्या दुर्वर्तनास मराठींत जितकीं नांवें आहेत तितकीं त्याच्या कारणांस नाहींत. हा भाषेचा दोष नव्हे. आम्हां वडील मंडळींच्या लक्षाचा आहे. मूल काय करतें हें आम्हीं बारकाईनें पाहिलें, तें कां करतें हें पाहण्याचें मात्र बहुधा टाळलें. हा दुसरा प्रश्न आपल्याकडे कोणीं, केव्हां व कसा विचारला, याचा थोडासा इतिहास वाचकांपुढें ठेवावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या शहरास ज्या दोन पुरुषांचीं नांवें मिळालीं, त्या दोघांच्याही घरांत बापलेकांच्या बेबनावाची कथा आहे. औरंगाबाद हें नांव औरंगजेबाचें. छत्रपती संभाजीनगर हें २०२३ सालीं सरकारी दप्तरांत मान्य झालेलें नांव संभाजीमहाराजांचें. फ्रेंच वैद्य बर्नियर यानें लिहून ठेविलें आहे कीं, औरंगजेब तख्तावर बसल्यावर त्याचा जुना शिक्षक मोठ्या आशेनें दरबारीं आला असतां बादशहानें त्याची चांगलीच हजेरी घेतली. व्याकरणाच्या घोकंपट्टींत आपलीं कोंवळीं वर्षें वायां गेलीं आणि जगाची खरी माहिती मिळालीच नाहीं, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. शिक्षकाची चूक इतकी नेमकी हेरणारा हा पुरुष बाप म्हणून मात्र कैदखान्यावर विसंबला. थोरला महंमद सुलतान याला त्यानें वर्षानुवर्षें कैदेंत ठेविलें. मुअज्जम १६८७ पासून कांहीं वर्षें अटकेंत होता. आणि अकबर १६८१ सालीं बंड करून संभाजीमहाराजांच्या आश्रयास आला.

दुसऱ्या घरांतील मूल दोन वर्षांचें असतांच, १६५९ सालीं, आईस मुकलें. आजी जिजाबाईंनीं त्याला वाढविलें. नवव्या वर्षीं आग्र्याचा जीवघेणा प्रसंग त्यानें पाहिला, आणि वडील निसटून गेल्यावर कांहीं काळ मथुरेस परक्या घरीं काढला. हाच युवराज १६७८ च्या अखेरीस दिलेरखानास जाऊन मिळाला आणि सुमारें वर्षभरानें परतला. अपराध लहान नव्हता. शिवाजीमहाराजांनीं त्याला पन्हाळ्यास ठेविलें खरें, परंतु ते स्वतः तेथें जाऊन मुलाला भेटले. राजघराण्यांतील कलहास राजकारणाचे अनेक धागे असतात, म्हणून यांतून मानसशास्त्राचे सिद्धान्त काढणें योग्य नव्हे. तथापि बंडखोर मुलापुढें बापास एकाहून अधिक मार्ग असतात, आणि कैद हा त्यांतला एकच होय, एवढें तरी यावरून दिसतें.

सामान्य घरांतील मुलांच्या वांट्यास पंतोजी आला. धूळपाटी, पाढे, मोडीचा कित्ता आणि छडी हें त्याच्या शाळेचें साहित्य. पाढा विसरला, शाळा चुकविली, शेजाऱ्याची खोडी काढली – रोग कोणताही असो, औषध एकच. त्या पंतोजीला दुष्ट म्हणणें अन्यायाचें होईल, कारण मुलाला त्याच्या स्वाधीन करणारा बापही त्याच औषधावर वाढलेला होता. मुलाच्या अंगीं उपजत वाईटपणा असतो आणि तो झोडून काढावयाचा असतो, अशी उभयतांची प्रामाणिक समजूत होती.

इंग्रजी अमलांत या समजुतीस पहिला धक्का बसला तो शाळेकडून नव्हे, तर न्यायालयाकडून. चोरीमारीच्या गुन्ह्यांत सांपडलेलीं मुलें मोठ्या कैद्यांत ठेविलीं तर तीं पक्कीं गुन्हेगार होऊन बाहेर पडतात, हें ध्यानांत आलें. मुंबईंत १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा निघाली. पुढें १८७६ व १८९७ सालीं सुधारशाळांचे कायदे झाले, आणि १९२४ सालीं मुंबई इलाख्यानें मुलांसाठीं स्वतंत्र कायदा केला. गुन्हेगार मूल हें प्रथम मूल आहे, त्याला बेडीपेक्षां सुताराचा रंधा हातीं द्यावा, हें तत्त्व मान्य झालें. परंतु ही सारी व्यवस्था मूल कोतवालीपर्यंत पोंचल्यावर सुरू होई. घरांत आदळआपट करणाऱ्या किंवा वर्गांत मुक्यानें बसून राहणाऱ्या मुलाचा विचार करणारें कोणी नव्हतें.

तो विचार बालशिक्षणाच्या चळवळीनें आणला. गिजुभाई बधेका हे वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत आले आणि १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर उघडलें. मुंबईंत जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनीं त्यांच्यासमवेत काम केलें, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीबाईंकडून या मंडळींनीं जी दृष्टि घेतली ती थोडक्यांत अशी: मुलाच्या हाताला, डोळ्यांना व पायांना योग्य काम मिळालें नाहीं कीं त्याची शक्ति मोडतोडींत जाते. वस्तु फेंकणाऱ्या मुलाला ‘फेंकूं नको’ असें शंभरदां सांगण्यापेक्षां त्याच्या हातीं ओतावयास पाणी, रचावयास ठोकळे आणि पुसावयास पाट द्यावा. शिक्षा नको, त्याचप्रमाणें बक्षिसाचें आमिषही नको, हा त्यांचा आग्रह त्या काळच्या पालकांस चमत्कारिक वाटला, आणि खरें सांगावयाचें तर आजच्याही पालकांस वाटतो.

या दृष्टीची खरी कसोटी मात्र शहरांत लागली नाहीं, ती ठाणें जिल्ह्याच्या समुद्रकांठीं व डोंगरांत लागली. १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ तेथें त्यांना येऊन मिळाल्या. आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेंकडीवर हें काम वाढलें. आदिवासी मुलें शाळेंत येत नसत, आलीं तर टिकत नसत. सरकारी भाषेंत तीं ‘गैरहजर’, गांवकऱ्यांच्या भाषेंत ‘उनाड’. या बायांनीं मुलांच्या मागें जाऊन पाहिलें तों तीं रानांत गुरें राखीत होतीं. त्यांच्या श्रमावर घर चालत होतें. तेव्हां मुलांना कुरणांतून ओढून आणण्याऐवजीं शाळाच कुरणांत नेली, आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली. अगदीं लहान मुलांसाठीं शाळा त्यांच्या अंगणांत गेली. अंगणवाडीची कल्पना तेथेंच रुजली आणि १९७५ नंतर देशभर पसरली. एका ‘उनाड’ या शब्दावर समाधान मानलें असतें तर यांतलें कांहींच घडलें नसतें.

याच सुमारास वैद्यकही या प्रश्नाकडे वळलें. शिकागो शहरांत विल्यम हीली यांनीं १९०९ सालीं बालगुन्हेगारांची एकेक करून तपासणी आरंभिली होती. मुंबईंत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९३६ सालीं निघालें व पुढच्याच वर्षीं त्याच्या आश्रयानें बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालें. अशा केंद्राची रीत अशी कीं, वैद्य मुलाचें शरीर पाहतो, मानसशास्त्रज्ञ बुद्धि व मन पाहतो, आणि समाजसेवक घरीं जाऊन आईबापांशीं बोलतो. लंडनमध्यें जॉन बोल्बी यांनीं १९४४ सालीं चव्वेचाळीस चोरट्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं १७ मुलांचा बालपणीं आईशीं दीर्घकाळ वियोग झाला होता. चोरी न करणाऱ्या तितक्याच मुलांत अशीं दोनच होतीं. चोरी ही हाताची संवय असली तरी तिचें मूळ कधीं कधीं हृदयांतील रिकाम्या जागेंत असतें, असें या आंकड्यांनीं सुचविलें. वियोग झालेलें प्रत्येक मूल चोर होतें, असें मात्र कोणीं समजूं नये.

येथें आमच्या शहरांतील आणखी एका प्रसंगाची आठवण देणें अवश्य आहे. १९३८ च्या नोव्हेंबरांत, निजामी अमलांत, येथील इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेंत ‘वंदे मातरम्’ म्हटलें. मनाई झाली, त्यांनीं ती मानली नाहीं. हें लोण हैदराबाद संस्थानांतील इतर विद्यालयांत पसरलें, आणि शेंकडों विद्यार्थ्यांस बाहेर काढण्यांत आलें. नागपूर विद्यापीठानें त्यांतील अनेकांस आपलें दार उघडलें. अशा बहिष्कृतांपैकीं एक, पी. व्ही. नरसिंह राव, १९९१ सालीं देशाचे पंतप्रधान झाले. संस्थानच्या दप्तरांत ही सारी बेशिस्त होती. आज तिला आम्ही स्वाभिमान म्हणतों. प्रत्येक अवज्ञा थोर असते असा याचा अर्थ नाहीं. परंतु आज्ञाच चुकीची असूं शकते, हा पर्याय वडील माणसांनीं तपासल्यावांचून सोडूं नये.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली. छडी गेली हें बरें झालें. पण तिची जागा कोणीं घेतली? कित्येक सुशिक्षित घरांत ती शेजारच्या मुलाच्या गुणांनीं, शिकवणीच्या वेळापत्रकानें आणि टोमण्यांनीं घेतली आहे. दुसरीकडे कांहीं घरांत मार नको म्हणून नियमही नकोत, असा सोयीस्कर अर्थ लावून मुलाच्या हातीं मोबाईल देऊन मोकळें होतात. दोन्हींकडे मुलाकडे पाहण्याचें काम राहूनच जातें.

इतिहासाचा बोध घ्यावयाचा तर तो अगदीं घरगुती आहे. मुलाचें वागणें बिघडलें असें वाटल्यास शिक्षेपूर्वीं चार गोष्टी पाहाव्यात. हें केव्हांपासून सुरू झालें? घरींच होतें, शाळेंतच होतें, कीं दोन्हींकडे? त्याच्या अगदीं आधीं काय घडलेलें असतें? आणि असें वागून मुलाच्या पदरांत काय पडतें? न ऐकणाऱ्या मुलास कदाचित् ऐकूं येत नसेल. फळ्यावरचें न लिहिणाऱ्यास अंधुक दिसत असेल. अक्षरें ज्याच्या डोळ्यांपुढें जुळत नाहींत तें मूल हंसें होऊं नये म्हणून दंगा करीत असेल. घरीं नवें भावंड आलें असेल, किंवा आईबापांचें आपसांत पटत नसेल. उत्तर मिळाल्यावरही नियम हवाच, आणि तो घरांतील सर्वांनीं एकसारखा पाळावयास हवा. वडिलांनीं नाहीं म्हणावें व आजीनें हळूच द्यावें, यानें मूल नियम न शिकतां वाट शोधावयास शिकतें. मास्तर आणि आईबाप यांनींही एकमेकांवर दोष ढकलण्यापूर्वीं एकदां समोरासमोर बसावें, आणि त्या बैठकींत शक्य तर मुलालाही बोलूं द्यावें. आजवर त्याच्याविषयीं सर्वांनीं सांगितलें. त्याची हकीकत बहुधा कोणीं विचारलेलीच नसते.