मुलांचें घर आणि कुत्र्याची निवड

खडकवासल्याचें मुठेवरील धरण १८७९ च्या सुमारास पुरें झालें. त्या काळीं त्या बाजूच्या वाडीवस्तींत कुत्रा निवडण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. गोठ्यापाशीं वाढलेलें पिलूच पुढें राखणदार होई, आणि बहुधा अंगणांतच राही. महाराष्ट्रांत कुत्र्याला मान मात्र मोठा. खंडोबासवें कुत्रा, दत्तात्रेयापाशीं चार. संगम माहुलीस शाहू महाराजांच्या ‘खंड्या’ची समाधि असून, त्यानें वाघापासून धन्यास वांचविल्याची आख्यायिका सांगतात. तथापि हा मान राखणदाराचा व शूराचा होय; मुलांच्या सोबत्याचा नव्हे.

हेतुपूर्वक निवड झाली ती शिकारीच्या कुत्र्यांची. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं जोपासलेली सडपातळ, लांब पायांची जात प्रसिद्धच आहे. दिसलेल्या सावजामागें धांवणें हा तिचा पिढीजात धर्म. असा कुत्रा घरच्यांशीं सौम्य असूं शकतो, परंतु दोन खोल्यांत कोंडल्यास बेचैन होतो. जातीची कीर्ति ज्या कामाची, तें काम आपल्या घरीं आहे काय, हें आधीं पाहावें.

दुसरा इतिहास भयाचा आहे. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिसमध्यें पाश्चरनें, पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मेस्टर यास लस टोंचविली, आणि मूल वांचलें. १९०० सालीं कसौलीस पाश्चर संस्था निघाली. तरीहि लक्षणें दिसूं लागल्यावर हा रोग आजहि जवळजवळ नेहमींच प्राण घेतो. म्हणून कुत्र्यास वेळच्या वेळीं लस द्यावी; मुलास दंश किंवा ओरखडा होतांच जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुऊन तत्काळ डॉक्टर गांठावा.

आज पुण्याची वस्ती धरणापर्यंत पोंचली. अंगण गेलें, कुत्रा घरांत आला. तेव्हां निवडीची कसोटीहि बदलली पाहिजे. रूप व विलायती नांव यांपेक्षां पिलाची आई शांत आहे काय, तें निदान आठ आठवडे तिच्यापाशीं राहिलें काय, माणसांचा स्पर्श त्याच्या संवयीचा आहे काय, त्यास रोज फिरविण्यास मोठ्या माणसांना सवड आहे काय, हें पाहावें. मोठें, शांत स्वभावाचें कुत्रें पुष्कळदां खोडकर पिलापेक्षां बरें. कोणतेंहि असो, जेवणाऱ्या वा निजलेल्या कुत्र्याजवळ मूल जाऊं देऊं नये, आणि दोघांस एकटें तर कधींच सोडूं नये. जुन्या घरांत हें काम उंबरठा करीत असे. नव्या घरांत तें आईबापांनींच करावयाचें आहे.