मेलबर्न गाजवणारे नेव्हिल डिसूझा

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू म्हणजे मूळचे गोमंतकीय, मुंबईचे नेव्हिल डिसूझा. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियावर त्यांनी तीन गोल चढविले. भारत ४-२ असा जिंकला. उपांत्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच! पुढे मात्र भारत १-४ असा हरला आणि कांस्यपदक बल्गेरियाने नेले.

चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतील संयुक्त सर्वाधिक गोल करणारे ठरले. इंग्लंड-इटलीत अशा आघाडीवीरासाठी व्यावसायिक क्लब धावून आले असते. भारतात तेव्हा व्यावसायिक लीगच नव्हती. मुंबईत खेळाडूला आधार कंपनीच्या नोकरीचा, संघही कंपनीचाच. नेव्हिल टाटा स्पोर्ट्सकडून खेळले. पन्नाशी गाठण्यापूर्वीच, १९८० साली त्यांचे निधन झाले.