घर, धंदा आणि नवे गावकूस

घरात धंदा करायला परवानगी का लागावी, हा प्रश्न कारकुनी वाटतो. मी तो इतिहासाचा मानतो. आपल्या वाडवडिलांचे घर कुठे असावे आणि त्यांनी कोणते काम करावे, हे गावकुसाने ठरवले. धंदा बदलू न देणारी जात बेकारीला कारण होते, असे बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात मांडले.

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने इमारतीच्या वापरातला बदलसुद्धा 'विकास' ठरवला. विकास म्हटला की परवानगी आलीच. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या गावांवर नव्या मुंबईचा आराखडा पसरला. न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. 1989 साली बंदर सुरू झाले. शेत, मिठागर, खाडी ज्याच्या हातून गेली, त्याला घर हेच भांडवल उरले. ओटीवर शिलाईयंत्र, चुलीवर खानावळ, पडवीत किराणा.

16 व 17 जानेवारी 1984 रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी शहीद झाले. त्या लढ्यामुळे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या भूखंडावर 15 टक्के बांधकाम व्यापारासाठी वापरता येते. म्हणजे घर आणि दुकान एका छपराखाली नांदते, हे शासनाला मान्य आहे! पण भूखंडाचे माप ठरले गेलेल्या जमिनीवरून. ज्याच्या नावे जमीन कधी येऊच दिली नाही, त्याच्या घामाचे माप कोणी काढायचे?

डिसेंबर 2020 मध्ये राज्यभरासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली. ती घरगुती उद्योगाला मुभा देते. अट अशी की घरच्यांनीच राबावे, मजूर लावू नये, वीज एक अश्वशक्तीपुढे जाऊ नये. घरातल्या दवाखान्याला वा वकिलाच्या कचेरीला ही अट नाही. शिवाय जवाहरलाल नेहरू बंदराचे क्षेत्र त्या नियमावलीतून वगळलेले.

शेजाऱ्याला धूर, गोंगाट, आगीचा धोका नको. तेवढा नियम मला मान्य आहे. परंतु घर वेगळे आणि दुकान वेगळे ही वाटणी दोन जागा असणाऱ्याची आहे. एकच खोली असणाऱ्याला ती उपासमारीची नोटीस ठरते. 2022 साली शासनाने गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचे ठरवले. गरजेपोटी घर बांधले, तसा धंदाही गरजेपोटीच मांडला. तेव्हा कार्यकर्त्यांनी घराबरोबर घरातल्या धंद्याचाही हक्क मागितला पाहिजे. नाहीतर गावकूस पडले, पण त्याची रेघ नकाशावर राहिली, असेच म्हणावे लागेल.