मंगळावरील खोळंबा
४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात.

दोष प्राधान्यक्रमात होता. हवामान-नोंदीचे कनिष्ठ काम सामायिक साधनाचे कुलूप धरून बसे, मध्यम प्राधान्याचे काम त्याला बाजूला सारी, आणि त्याच कुलपासाठी सर्वांत निकडीचे काम ताटकळे. अखेर पहारेकरी घड्याळ सारा कारभार नव्याने सुरू करी. (त्या बिचाऱ्याचे काम मात्र चोख होते!)

कनिष्ठाला तेवढ्यापुरते वरिष्ठाचे प्राधान्य देण्याची सोय व्हीएक्सवर्क्स प्रणालीत होतीच, पण या कुलपासाठी ती बंद होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर हाच बिघाड घडवून पाहिला आणि ती सोय चालू करणारी दुरुस्ती थेट मंगळावर पाठवली.